नाथाजीचा चेहरा

मित्रांनो, माझ्या भिंगाला आता बुरशी धरली आहे आणि बटण दाबलं तर आतला पडदा अर्ध्यावरच अडकतो. जर्मनीत घडलेला, मुठीपेक्षा जरासा मोठा असा कॅमेरा आहे मी. आज सांगलीत एका कपाटात पडून असलो, तरी माझी उमेदीची वर्षं साताऱ्यात गेली, गोपाळकृष्ण मास्तरांच्या गळ्यात.

मास्तर शाळेतले नव्हेत. शनिवार पेठेत त्यांचा फोटोचा स्टुडिओ होता. तिथल्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यापुढे माणसं श्वास कोंडून बसत. मग मास्तरांच्या पत्नी क्षमाबाई त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवर बारीक कुंचल्याने गाल गुलाबी आणि लुगडं हिरवं करीत. गिऱ्हाइकं खूश होत, मास्तर मात्र कुरकुरत. "माणूस काय मेणाचा असतो?" ते म्हणत. त्यांना खरे रंग हवे होते, आणि तेही धावते.

१९४३ साली पाचगणीच्या एका शाळेतले साहेब बदली होऊन दूर गेले. जाताना त्यांनी मास्तरांना रंगीत फिल्मचे दोन रोल दिले. एकेका रोलवर अठरा फोटो.

मग आमचा वेगळाच उद्योग सुरू झाला. मास्तर माझा पडदा मुद्दाम सावकाश उघडत आणि पळत्या बैलांबरोबर मलाही फिरवत. शिंगं, झूल, धुरळा सगळं एकात एक मिसळून रंगाचे लांबच लांब पट्टे होत. सुरुवातीला मी घाबरलो. मला तर स्थिर राहण्यासाठी घडवलं होतं. पण हळूहळू मलाही त्याची गोडी लागली.

त्याच वर्षी चैत्रात आम्ही मेढ्याच्या बाजूला एका गावच्या जत्रेला गेलो. पहिल्या रोलवर एकच फोटो उरला होता. तेवढ्यात राहीबाई नावाची एक बाई गर्दीतून वाट काढत आली. मागे तिचा मुलगा नाथाजी होता, आणि त्याच्याही मागे पदर कपाळापर्यंत ओढलेली त्याची नवी बायको, अंजना.

"आवं मास्तर, माज्या नाथाचा योक फोटू काढा," राहीबाई म्हणाली. "उद्याच्याला पलटणीत निगालाय. तोंड नीट दिसू द्या."

नाथाजी देवळाच्या भिंतीपाशी ताठ उभा राहिला. मास्तरांनी मला डोळ्याला लावलं. तो चेहरा माझ्या भिंगात अगदी स्वच्छ उतरला. डाव्या भुवईत लहानशी खोक होती. नुकती कोरलेली मिशी होती. हसू येत होतं आणि ते तो ओठ मिटून दाबत होता. मास्तरांचं बोट बटणावर टेकलं.

आणि त्यांनी मला खाली घेतलं.

"असा नको रे, मेणासारखा," ते म्हणाले. "जा, लेझीम खेळ. खेळताना काढतो."

नाथाजी धावत खेळात शिरला. गुलाल उधळला. तो गर्रकन वळला, मीही त्याच्याबरोबर वळलो आणि शेवटचा फोटो निघाला.

फिल्म धुवायला आगबोटीने परदेशी गेली. लढाईचे दिवस होते, त्यामुळे परत यायला दहा महिने लागले. पोस्टाच्या तिकिटाहून थोड्या मोठ्या त्या काचेसारख्या पारदर्शक फोटोंवर उजेड पडला आणि मास्तर लहान मुलासारखे नाचले. नाथाजीचा फोटो सगळ्यांत सुंदर होता. गुलाबी आणि केशरी रंगाची एक लाट, मध्ये पांढरा झोत. "बघ, वारा काढलाय मी!" ते क्षमाबाईंना म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात राहीबाई आणि अंजना स्टुडिओच्या दारात आल्या. अंजनाच्या कपाळावर कुंकू नव्हतं. नाथाजी इटलीत पडला होता. सरकारी तारेत त्याचं नाव आणि नंबर होता, बाकी काही नाही. घरात त्याचा एकही फोटो नव्हता.

मास्तरांनी फोटो दिला. राहीबाईने तो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"त्योच हाय," ती म्हणाली. "वळताना खांदा असाच पडायचा त्याचा." आणि तिने तो फोटो कपाळाला लावला.

मग अंजनाने पाहिलं. "तोंड कुटं हाय?" तिने विचारलं.



आठ दिवसांनी अंजना एकटीच परत आली. भर दुपार होती. ती उंबऱ्यापाशीच बसली.

"मास्तर, लगीन हून चार म्हैनंच झालं हुतं. दिवसा सासूसासऱ्यांफुडं मान वर केली न्हाई. राती राकेल न्हवतं म्हनून दिवा न्हवता. मला त्यांचं तोंड याद न्हाई. तुमी यंत्रातनं बगितलं न्हवं? कसं हुतं, सांगा की."

मास्तरांनी डोळे मिटले. गुलाल आठवला, फेट्याचा रंग आठवला, गिरकी आठवली. चेहरा आठवेना.

"मला नाही सांगता येत, बाळ," ते म्हणाले. "मी रंग बघत होतो."

मित्रांनो, मला सांगता येत होतं! भुवईतली खोक, कोरलेली मिशी, दाबून धरलेलं हसू. मी टेबलावर तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर पडलो होतो आणि मला तोंड नव्हतं. त्या दिवसापासून माझा पडदा उघडला, की आधी नाथाजी दिसे. समोर नवरानवरी असोत की पाळण्यातलं मूल, भिंतीपाशी ताठ उभा राहून तो अजून वाट पाहत असे.

अंजना उठली. "मग मला बी त्यांच्यावानीच काढा," ती म्हणाली. "पुसटच. दोगं येकासारकी दिसू."

"आधी एक सरळ काढतो."

"सरळ कुनाला दावू?"

"मला," मास्तर म्हणाले. "मला बघू दे."

दुसऱ्या रोलवर दोनच फोटो उरले होते. अंगणात त्यांनी आधी तिचा स्थिर फोटो घेतला. बटण दाबण्याआधी इतका वेळ ते तिच्याकडे पाहत राहिले, की ती लाजून हसली. मग पदर खोचून तिने गिरकी घेतली, एकदा, दोनदा, आणि मी तिच्याबरोबर फिरलो.

लढाई संपल्यावर ते फोटो आले. अंजनाने फक्त हललेला नेला. राहीबाईने सांगितलं, की घरी देव्हाऱ्याशेजारच्या खिडकीत दोन्ही फोटो एकाशेजारी एक लावले आहेत आणि सकाळच्या उन्हात दोघांचे रंग भिंतीवर एकमेकांत मिसळतात.

पुढे सांगलीत मास्तरांच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन भरलं. काही जण "भुतं काढलीत" म्हणून हसले, काहींनी खूप वाखाणलं. मास्तर मात्र मागच्या बाकावर बसून राहिले. नवे कॅमेरे आले, मी स्टुडिओतल्याच काचेच्या कपाटात गेलो. अखेरपर्यंत स्टुडिओ उघडण्याआधी मास्तर अंजनाचा सरळ फोटो उजेडात धरून पाहत. त्यानंतरच पहिल्या गिऱ्हाइकाला आत बोलावत. मास्तर गेल्यावर मी इथे सांगलीत आलो.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, दमट हवेपासून जपा, एवढं तर मी मागेनच. पण माझं खरं मागणं दुसरं आहे. तुमच्या घरातून कुणी लांब निघालं, तर आधी त्याच्याकडे नीट, डोळे भरून बघा. मी एक चेहरा पाहिला आहे, आणि तो कुणालाच देऊ शकत नाही.