चौथीच्या पेपरावर आठवीचा फ्लेक्स

मी एक जुना फ्लेक्स आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. आमच्यावर ज्यांचे फोटो असतात त्यांच्यासमोर नाक मुरडायची तुमची हिंमत होत नाही, म्हणून सगळा राग आमच्यावर निघतो, हे मला चांगले ठाऊक आहे.

माझा जन्म खडेबाजारातल्या एका बोळात, छपाईच्या मशीनवर झाला. माझ्या आधी त्याच रोलवरून एका पुढाऱ्याचा वाढदिवस निघाला होता, गॉगलसकट. माझ्या वाट्याला उचगावची सौम्या आली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला. वर आमच्या सीमाभागाच्या रिवाजाप्रमाणे कन्नडमध्ये एक ओळ आणि खाली मराठीत तांबड्या अक्षरांत 'वय वर्षे नऊ, बुद्धी आठवीची!' मुलीपेक्षा मोठा फोटो मार्तंड सरांचा होता. क्लास त्यांचा, चाचणी त्यांनी घेतलेली, मग अभिनंदन दुसऱ्या कुणाचे होणार?

चाचणी बाहेरून मागवलेली होती. निकालात सौम्याच्या गणितापुढे 'इयत्ता समतुल्य ८.२' असे आले. तेवढ्यावर सरांनी जाहीर केले की ही चौथीतली पोर आठवीचे गणित करते. डोंबलाचे आठवीचे! पेपर चौथीचा होता. आठवीतल्या साधारण मुलाला तोच पेपर दिला असता, तर त्याला जेवढा जमला असता तेवढा सौम्याला जमला. आकड्याचा अर्थ एवढाच. चौथीचे गणित तिला उत्तम येत होते, वयाच्या मानाने फारच उत्तम. आठवीचे येते का, हे तिला कुणी विचारलेच नव्हते. मी प्लास्टिकचा आहे, तरी मला हे कळते.

गल्लीत सत्कार ठरला. मला व्यासपीठामागे ताणून बांधले. शाल, नारळ, फेटा, सगळे यथासांग झाले. सौम्याचे वडील ज्योतिबा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत. त्यांनी सोबतच्या कामगारांनाही आग्रहाने आणले होते. ऊर भरून आला होता बिचाऱ्याचा. सरांनी माइक हातात घेतला.

"बाळ, ए वर्ग वजा बी वर्ग. अवयव पाड बघू."

सौम्याने डोळ्यांवर आलेला फेटा मागे सारला. "सर, ए म्हंजे किती?"

मांडवात हशा पिकला.

"अगं, ए म्हणजे ए!"

"पण पेपर चौथीचा हुता की सर. त्यात ए नव्हतं."

माइक सुरू होता. सगळ्या गल्लीने ऐकले आणि एकाच्याही डोक्यात शिरले नाही. नऊ वर्षांच्या मुलीने आपल्या गुणांचा अर्थ सरळ सांगून टाकला, आणि शिकलीसवरली मंडळी खिदळत बसली. "घाबरली," असे म्हणून सरांनी नारळ तिच्या हातात कोंबला.

ज्योतिबांची मान खाली गेली. सरांनी लगेच उपाय सांगितला. आठवीच्या बॅचला बसवा, बुद्धी आहेच, फक्त धार लावायला हवी. धार लावायला ती काय विळी आहे? पण ज्योतिबांनी ऐकले. सरांनी सांगितलेले न ऐकण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

मला बसथांब्यावर टांगले. रोज संध्याकाळी सौम्या माझ्याखालूनच क्लासची बस पकडायची. पूर्वी ती येणाऱ्या प्रत्येक बसच्या नंबराशी खेळायची. याला सातने भाग जातो का, उलटा केला तर काय होते, असले उद्योग. आता ती चपलांकडे बघत उभी राहायची. आठवीची पोरे माझ्याकडे बोट दाखवून ओरडत, "ए आठवीची बुद्धी, गृहपाठ दाव की!" उन्हाने माझे रंग उडत चालले. सगळ्यात आधी सरांच्या मिशा गेल्या, त्याचे मला मुळीच दुःख झाले नाही. एक कोपरा शेळीने चघळला. माझ्यावर छापलेल्या त्या अक्षरांपेक्षा शेळी बरी.

एके दिवशी बस आली आणि गेली, पण सौम्या चढली नाही. तिची आई रूपाली सोबत होती.

"आई, मला गणित नको. मी ढ हाय."

मित्रांनो, तेव्हा मला फाटून जावेसे वाटले. जिला चौथीचे सगळे येते, ती मुलगी माझ्याखाली उभी राहून स्वतःला ढ म्हणत होती.

इतक्यात ज्योतिबा कामावरून मोटारसायकलने आले. रूपालीने त्यांना तिथेच थांबवले.

"अवो, पेपर कितवीचा हुता?"

"चौथीचा."

"मग आठवीचं येतंय म्हणून कुणी बघितलं?"

"सर म्हणाले..."

"सरांचं ऱ्हाऊ द्या. तुमी कवा इचारलंसा पोरीला?"

ज्योतिबांनी मान वर करून माझ्यावरची तांबडी अक्षरे वाचली. मग त्यांनी माझ्या दोऱ्या कापल्या, मला गुंडाळून घरी नेले आणि घरामागच्या परड्यातल्या जळणावर टाकले, अक्षरे आत आणि कोरी पाठ वर. सौम्याचा क्लास त्याच दिवसापासून बंद झाला. सौम्या जवळच बसली होती.

"सौम्या, तुला काय येत न्हाय गं?" त्यांनी विचारले.

आधी ती मागे सरकली. हाही एखादा सत्कार असेल, असे तिला वाटले असावे. मग हळूच म्हणाली, "आप्पा, एकाला तीननं भागलं की संपतच न्हाय. तीन, तीन, तीन येत ऱ्हातंय. असं कसं?"

"मला बी ठाव न्हाय. कुठवर येतंय, दाव बघू."

तिने चुलीतला कोळसा आणला आणि माझ्या पाठीवर लिहायला घेतले. तीन, पुन्हा तीन, पुन्हा तीन. ज्योतिबा माझे टोक ताणून धरून गुडघ्यावर बसले होते. लिहीत लिहीत ती माझ्या कडेपर्यंत गेली आणि थांबली.

"आप्पा, जागा संपली. आकडा न्हाय संपला."

मित्रांनो, पोरांच्या परीक्षेचे आकडे वाचायची हौस असेल तर पेपर कितवीचा होता, एवढे आधी विचारा. तेही जमत नसेल, तर त्यांच्या हातात कोळसा द्या आणि गप्प बसा.