नवतपाचं पन्हं

ऊन वाढलं की सगळीकडे लोक कुरकुरतात. आमच्या सोनागिरीत नवतपा लागला की एकमेकांचं अभिनंदन करतात. ज्येष्ठातले ते नऊ दिवस जितके भाजतील तितका पाऊस चांगला, हे इथल्या मुलांना शाळेआधी कळतं. त्या दिवसांत सूर्य रोहिणी नक्षत्रात असतो, तेव्हा आभाळ आलं तर ‘रोहिणी गळली’ म्हणून बायका कपाळाला हात लावतात. या श्रद्धेचे मुख्य अधिकारी आमचे शेजारी यशवंतराव. मूळचे उज्जैनचे, कारखान्यातून निवृत्त. ‘आम्ही भट्टीसमोर जन्म काढला,’ असं सांगतात. जन्म काढला स्टोअर्समध्ये, कूलरच्या बरोब्बर समोर. पण भट्टी त्याच आवारात होती, तेव्हा अगदीच खोटं म्हणवत नाही.

नवतपाच्या शेवटच्या दिवशी आमचं मराठी मंडळ कारखान्याच्या गेटसमोर कैरीचं पन्हं वाटतं. भर दुपारी, मांडव न घालता. सूर्याला आडोसा केला तर पाऊस रुसतो, हा नियम यशवंतरावांच्या वडिलांनी उज्जैनहून आणलेला. पातेल्याशी बसतात विमलकाकू, यशवंतरावांची बायको. तेही यशवंतरावांनीच ठरवलेलं.

गेल्या साली आमचा सेक्रेटरी जयंत आदल्या दिवशी म्हणाला, “काका, संध्याकाळी करू या ना. ऊन आता पूर्वीचं राहिलेलं नाही. हवामानच बदललंय. रात्रीसुद्धा भिंती गार होत नाहीत.”

“नागपूरचा ना रे तू?” यशवंतराव म्हणाले. “आणि उन्हाला घाबरतोस? तुझ्या बापाला सांगू नकोस, लाजेल. अरे, ते हवामान-बिवामान टीव्हीवाल्यांचं. नवतपा तापणारच. नाही तापला, तर घाबर!”

सगळे हसले. मीही हसले, वाक्य जमून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकू पातेल्याशी बसल्या. आम्ही बाकीचे घामाने निथळत होतो, पदर पाठीला चिकटले होते. काकूंचं कपाळ मात्र कोरडं ठणठणीत. यशवंतरावांना तर हुरूपच आला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, “देखो भाई, इसको कहते हैं मालवे की मिट्टी! घामाचा थेंब नाही. बघ रे जयंता, शीक जरा.”

काकूंनी ग्लास एका कामगारापुढे धरला आणि तसाच जमिनीवर ओतला. लोकांना वाटलं, हात सुटला. पुढचाही ग्लास त्यांनी तसाच ओतला, अगदी नीट, कुणाला तरी देत असल्यासारखा. जयंतने त्यांचं मनगट धरलं आणि चटका बसल्यासारखं सोडलं.

“काका, ऑटो बोलवा! आधी ऑटो!”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. घाम आटला म्हणजे शरीराने हात टेकले होते. त्यात कौतुकाचं काही नव्हतं. यशवंतराव बाकावर बसले ते उठेचनात.

काकू वाचल्या. पण हात थरथरायला लागला आणि शब्द सापडेनासे झाले. चहा हवा असला तर ‘ते गरम’ म्हणतात. त्या साली पाऊस मात्र झकास झाला, तलाव काठोकाठ भरला, आणि सोनागिरीने निकाल देऊन टाकला: बघा, नवतपा तापला होता! काकूंचं काय? त्यांचं वय झालं होतं, बीपी होतं, सकाळी काही खाल्लं नसेल. हिशेब असा चोख मांडला की त्यात ऊन कुठे औषधालाही उरलं नाही.

यंदाची सभा यशवंतरावांच्याच घरी भरली. जयंतने विषय पुन्हा काढला, या वेळी खालच्या आवाजात. संध्याकाळ नाही, तर निदान मांडव तरी. मला वाटलं, आता म्हातारा ऐकेल. पण यशवंतराव आरोप ऐकल्यासारखे ताठ झाले.

“ऊन तेच आहे,” ते म्हणाले. आवाज चिरकला. “माझ्या वडिलांच्या वेळी होतं तेच. उन्हाने कुणाला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही! दुपार हवी त्यांनी हात वर करा.”

पहिला हात त्यांचाच. दुसरा कोपऱ्यातल्या खुर्चीतून आला, थरथरत. विमलकाकूंचा. तो हात बघून जयंतची बाजू घ्यायला कोण धजणार? एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले. शेवटी जयंतचाही.

मी कप आत नेत होते, तेव्हा काकू माझ्या मागोमाग आल्या. मी विचारलंच, “काकू, अहो, तुम्हीसुद्धा?”

त्यांनी शब्द शोधले. बराच वेळ शोधले.

“ऊन वाढलंय म्हटलं,” त्या म्हणाल्या, “तर मग... मला त्यांनी बसवलं, असं होईल. ते रात्री उठतात. माझं अंग बघतात. हात लावून.”

बाहेर यशवंतराव कैऱ्या कुठल्या घ्यायच्या ते मोठमोठ्याने सांगत होते.

“असू दे तेच ऊन,” काकू म्हणाल्या. “मी बसेन.”

मी दारातून बघितलं. जयंत मान खाली घालून लिहून घेत होता: वेळ दुपारी बारा, मांडव नाही.