पुठ्ठे कापलेली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, शिंप्याच्या दुकानातली. पोलादाची, चांगली वजनदार. कागद कापला की आमची धार जाते, म्हणून दुकान चालवणाऱ्या दोघा भावांतला थोरला मला जिवापाड जपायचा. कापडाखेरीज मी काही कापलं नव्हतं.

'वचपा' हा शब्द मी तिथेच शिकले. सकाळी वीज गेली की थोरला म्हणायचा, दुपारी वचपा काढू. आणि खरंच दुपारी मशिनी दुप्पट वेगानं धावायच्या. धाकटा पत्त्यांत हरला की दुसऱ्या दिवशी वचपा काढायचा आणि दोघं पोट धरून हसायचे. मला तो शब्द फार आवडायचा.

मग एकदा धाकट्यानं बाही आखूड कापली. थोरल्यानं भर गिऱ्हाइकांत त्याचा पाणउतारा केला. धाकटा खाली मान घालून काम करत राहिला. पण थोरला जेवायला जाताच तो दातओठ खात म्हणाला, "याचा वचपा काढला नाही तर बघ." त्यानं मला उचललं आणि खोक्यांचे जाड पुठ्ठे कराकरा कापले. नंतर पुसून जागच्या जागी ठेवलं. मी मुकी, सांगणार कुणाला?

दुसऱ्या दिवशी एक बाई वारलेल्या नवऱ्याचा कोट घेऊन आली. त्यातून लेकीसाठी जाकीट बेतायचं होतं. कापड तेवढंच, चुकायला जागा नव्हती. थोरल्यानं मला उचललं, जरा थांबला आणि धाकट्यापुढे धरलं.

"तू काप. काल लोकांसमोर बोललो, ते चुकलंच माझं."

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं मला खडूच्या रेघेवर टेकवलं. बाई टक लावून बघत होती. आता पाती मिटली असती, तर मी तो कोट चावून ठेवला असता. भीतीनं मी गारठून गेले होते.

त्यानं मला खाली ठेवलं.

"दादा, हिनं नको. काल मी हिनं पुठ्ठे कापलेत. मुद्दाम."

थोरल्यानं माझ्या धारेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "धार लावून आण. मग तूच काप."

जाकीट छान झालं. दादा आता वचपा काढेल, मग काढेल, म्हणून धाकटा कित्येक महिने धास्तावून होता. दादानं तो काढलाच नाही. माझं पातं मात्र धारेच्या चाकावर झिजलं ते झिजलंच.

मित्रांनो, कापडाच्या कात्रीनं कागद कापू नका. आणि रागाच्या भरात एखादी गोष्ट बिघडवायला निघालात, तर एवढं आठवा. उद्या तीच तुमच्या हातात कुणीतरी विश्वासानं ठेवणार आहे.