एकवीस गाजरं

चौथी पेटी उघडली आणि सासऱ्यांनी नाक दाबलं. पहिल्या तिन्हींसारखीच हिच्यातलीही गाजरं सडली होती.

आमच्या घरात गाजराचं बी विकत आणत नाहीत. काढणीला सगळ्यात जाड गाजरं निवडायची, थंडीभर पेट्यांतल्या कोरड्या वाळूत पुरून ठेवायची आणि थंडी सरली की पुन्हा लावायची. ती फुलली की बी धरायचं. सासऱ्यांनी हे वाण तीस वर्षं असंच जपलंय. वाफे आम्हा दोघी सुनांचे निम्मे निम्मे; जिची गाजरं निवडली जातील तिचा वर्षभर तोरा. यंदा पाचही पेट्या माझ्या होत्या.

"वाळूला पाणी कुणी लावलं?" सासऱ्यांनी विचारलं.

नवरा, दीर, सगळ्यांनी धाकट्या जावेकडे पाहिलं. पेट्यांची खोली तीच झाडते. ती माझ्याकडे बघत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. हिला ठाऊक आहे, मला कळलं. काढणीला महिना उरला असताना मी माझ्या वाफ्यांत चोरून दोनदा युरिया फेकला होता. गाजरं मनगटाएवढी झाली, पण आत नुसतं पाणी. अशी गाजरं टिकत नाहीत हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मला जिंकायचं होतं, बस्स.

सासऱ्यांनी पाचव्या पेटीत हात घातला. बोटांना चिखल लागला. ते तिथेच खाली बसले. "संपलं वाण."

"बाबा, वाळू कोरडीच होती," मी म्हणाले. "युरिया मी टाकला. उशिरा, आणि दोनदा."

सासऱ्यांनी माझ्याकडे न बघताच बोटांचा चिखल धोतराला पुसला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

धाकटी उठली आणि आपल्या खोलीतून वाळूची टोपली घेऊन आली. आत तिच्या वाफ्यातली करंगळीएवढी गाजरं होती. काढणीच्या दिवशी मीच हसले होते, "ठेव हो जपून! वाजली तर पुंगी, नाहीतर मोडून खा."

सासऱ्यांनी एक मोडलं. कट्ट वाजलं.

"वाण तेच आहे. किती आहेत गं?"

"एकवीस होती, बाबा. आता वीस."

ते हसले, डोळे पुसत.

मी तिला बाजूला घेतलं. "आधीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगताय का, ते बघत होते."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"टोपली आणलीच असती, ताई. पण तुमच्याशी पुन्हा बोलले नसते."