तिफण चढायची वेळ

सावली या गावाजवळच्या एका खेड्यात तलावाचं पाणी पहिली अर्धी रात्र धानाच्या वरच्या बांध्यांना, म्हणजे वरच्या शेतांना, आणि उरलेली अर्धी रात्र खालच्या बांध्यांना सुटायचं. अर्धी रात्र झाली, हे कुंता सांगायची. मासे धरणाऱ्या ढिवराघरची ही विधवा सून. मृगातल्या, तिफण म्हणतात त्या ओळीतल्या तीन चांदण्या कोणत्या पंधरवड्यात कुठवर चढल्या की मध्यरात्र होते, हे तिला सासऱ्याने शिकवलं होतं. ती तलावाच्या पारीवरून, बांधावरून, हाक द्यायची आणि पाणी वळायचं. इतक्या वर्षांत कुणी शंका घेतली नव्हती.

१९५६ साली तलावाच्या पूर्वेला गुणवंतरावांची धानाची गिरणी उभी राहिली. इंजिनावरचे चार मोठे दिवे रात्रभर जळू लागले. पूर्वेचं आभाळ पांढुरकं होऊन गेलं.

कुंता गिरणीवर गेली. "भाऊ, धानात दाणा भरेपर्यंत तेवढे दिवे मालवा. मले चांदण्या दिसून नाई राह्यल्या."

गुणवंतराव हसले. "लोक उजेडासाठी तरसतेत बाई, अन् तू मालवाले सांगतेस? गिरणीत घड्याळ आहे. बारा वाजले की भोंगा वाजवीन."

पंचांना ते पटलं. गुणवंतरावांच्या स्वतःच्या बांध्या वरच्या अंगाला होत्या, हे कुणी बोललं नाही.

कुंताला राहवेना. अर्धा कोस चालून ती जंगलाच्या कडेला गेली. तिथं अजून अंधार होता. तिफण ठरल्या जागी आली, पण भोंगा वाजला नाही. चांदण्या आणखी वीतभर वर सरकल्या, तेव्हा कुठे वाजला. लागोपाठ चार रात्री तिने हेच पाहिलं.

तिने पंचांपुढे सांगितलं, "भोंगा उशिरा वाजते. खालच्यायचं पाणी मारून राह्यले."

खालच्या बांधीवाला मुखरूच उसळला. "तुहा मान गेला म्हून जळतेस तू! आमाले तं एक चांदणी दिसत नाई."

"माह्यासंगं जंगलापर्यंत चाल, मुखरूभाऊ. आजच."

"वाघाच्या तोंडात? घड्याळ काऊन खोटं बोलन?"

सगळे हसले. कुंता घरी गेली.

दिवाळीनंतर खालच्या बांध्यांत लोंबी वाकलीच नाही. मुखरूने एक चोळून पाहिली, हातात नुसता कोंडा आला. तो कुंताच्या अंगणात येऊन उभा राहिला. ती मासे साफ करत होती.

"तुह्यासंगं याले पाह्यजे होतो," तो म्हणाला. "पंचांपुढं आणखी एकडाव सांगशीन?"

"मी तं जळते ना भाऊ," ती म्हणाली, आणि मान वर न करता खवले काढत राहिली.

पुढच्या आठवड्यात मुखरू गिरणीत हमालीला लागला.