कोपऱ्यातली लाल नाचणारी

मित्रांनो, मी एक जुनी सतरंजी आहे. स्वतःची गोष्ट सांगण्याइतकी मी मोठी आहे की नाही, कोण जाणे. पण मी गप्प बसले तर ममताचे नाव कुठेच उरणार नाही.

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी सुगंधाबाईच्या मागावर माझा जन्म झाला. शहरातले व्यापारी आदिवासी बायकांकडे एकच नक्षी मागत: हात धरून नाचणाऱ्या बायका. सुगंधाबाई तीच विणत असे. त्याच साली तिची थोरली मुलगी ममता गुजरातेत ऊसतोडीला गेली आणि उसाच्या ट्रॉलीखाली सापडून मेली. धाकटी सोनल तेव्हा आश्रमशाळेत होती.

गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत. सुगंधाबाईने ममताचा लाल घाघरा नदीत सोडला, पण त्याची एक पट्टी फाडून परत आणली. त्या पट्टीची तिने माझ्या कोपऱ्यात शेवटची नाचणारी विणली. ती जराशी वाकडी झाली. रीत मोडली म्हणून सुगंधाबाई हे कुणाजवळ बोलली नाही. गिऱ्हाईक आले की मला मागे सारून म्हणे, "हाई लेऊ नका, इन्हामा खोड शे."

सोनल मोठी झाली, धुळ्याला चित्रकला शिकली.

"माय, आपन काय सदा नाचतच ऱ्हातस? लोकस्ले आपलं दुसरं काहीच दिसत नही."

"नाचनाऱ्याच खपतीस, पोरी. ऊस तोडनारी भिंतीवर कोन टांगी?"

सोनलने ते मनावर घेतले. आई मजुरीला गेली असताना तिने मला पेटीतून काढले. खोडीची, न खपलेली सतरंजी तिला बरी सापडली. एकेक नाचणारी उसवून तिथे तिने कोयता धरलेल्या बायका विणल्या. निघालेल्या चिंध्या चुलीत गेल्या.

धुळ्यातल्या प्रदर्शनात माझे फार कौतुक झाले. सुगंधाबाईही आली. कोयतेवालीला पाहून हसली. "हाई तर मीच शे व!" मग तिचा हात कोपऱ्याकडे गेला.

"आठली लाल कोठे गई?"

"ती वाकडी व्हती, माय. चुलीमा टाकी."

"ती तुन्ही बहीन व्हती."

सुगंधाबाई माझी कड मुठीत धरून खाली बसली. पाहायला आलेल्यांपैकी कुणीतरी तिचा फोटो काढला.

सोनलचे चुकले, असे माझ्याने म्हणवत नाही. मित्रांनो, जुनी नक्षी खुशाल उसवा. पण आधी विणणारीला एकदा विचारा, की यात कोण आहे.

तो कोपरा सोनलने पुन्हा उसवला. तिथे आता नुसते उभे धागे आहेत. विणायचे राहिले का, असे लोक विचारतात. ती तिथे कुणाला विणू देत नाही.