न दिसणारा सांधा

कात्रीबाईंना ऑफिसात कोणी खऱ्या नावाने हाक मारल्याला बरीच वर्षं झाली होती. नाव पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं उरलं होतं. खरं म्हणजे कात्री त्यांच्या हातात कधीच नव्हती. एक अंधारी खोली, समोर दोन पडदे, पाठीला उशी लावलेली खुर्ची आणि जाड चष्मा, एवढाच त्यांचा संसार. लहान मुलांची कार्टून आणि सिनेमे त्यांच्या कंपनीत येत आणि तिथून देशोदेशी जात. जाण्याआधी ज्या देशाला जे खपत नाही ते काढून टाकायचं, हे कात्रीबाईंचं काम.

आणि काय खपत नाही, याला काही धरबंध नव्हता. एका देशाला राजकन्येचं चुंबन नको, पण राक्षसाचं मुंडकं उडालेलं चालतं. दुसऱ्याला चुंबन दोनदा चालतं, पण रक्ताचा थेंब दिसता कामा नये. एकाला गाईला वासरू होतं तो प्रसंग नको, दुसऱ्याला वासरू हवं पण खाटीक नको. एकदा तर सदरा घालून हिंडणाऱ्या अस्वलाला खाली चड्डी रंगवून द्यावी लागली. त्याच सिनेमात काहीच न घातलेली चार अस्वलं होती, त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पहिली काही वर्षं कात्रीबाईंना या सगळ्याचा राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि आता नुसती पाठ दुखायची. मुलांचं भलं कशात आहे हे प्रत्येक देशाला पक्कं ठाऊक होतं, आणि दोन देशांचं एकमत म्हणून कधी व्हायचं नाही.

एका गोष्टीचा मात्र त्यांना अजून अभिमान होता. त्यांनी कापलं की सांधा दिसायचा नाही. मागचं संगीत त्या असं काही ओढून घेत की राजपुत्र वाकला, पाखरू उडालं आणि राजकन्या जागी झाली, मध्ये काही घडलं असेल अशी शंकाही यायची नाही. नव्या मुलींना त्या एवढंच सांगत, की पोराला काय दाखवलं नाही ते महत्त्वाचं नाही, काही दाखवायचं राहिलंय हे त्याला कळता कामा नये.

घरी त्या एकट्याच. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने पाण्यात. त्याने लग्न केलं ते परक्या देशातल्या मुलीशी, आणि या वर्षी तो बायको-मुलीला आईकडे ठेवून जहाजावर गेला. सूनबाईंना इथल्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तात्पुरती नोकरी मिळाली होती. तशीच नोकरी तिच्या आईच्या गावीही तिची वाट पाहत होती. सूनबाई आतबाहेर ठेवणारी नव्हती. नवऱ्याकडून शिकलेल्या सावकाश मराठीत तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "आई, छोटी इथे रमली तर आम्ही राहू. नाही रमली तर तिकडे जाऊ." तेव्हापासून कात्रीबाई डोळ्यांत तेल घालून छोटीकडे पाहत होत्या. त्याआधी त्या घरी आल्या की फ्रिजशी बोलायच्या. आता दारातच पाच वर्षांची नात पायाला मिठी मारायची, आणि पाठीचं दुखणं संध्याकाळपुरतं तरी विसरायला व्हायचं. ही मिठी जाऊ द्यायची नाही, एवढं एकच मागणं आता त्यांच्यापाशी उरलं होतं.

छोटी रमतही होती. अडचण आली ती पुस्तकाची. छोटीचं एक लाडकं पुस्तक होतं, मोठ्या चित्रांचं, माणसाच्या शरीरावरचं. सूनबाईंच्या देशात म्हणे ते बालवाडीत असतं आणि घरोघरीही असतं. डोळे, कोपर, गुडघे, आणि मग मधली दोन पानं, ज्यांत बाकीचं सगळं होतं, नावांसकट, आणि बाळ कुठून येतं तेही. एकदा समोरच्या काकू आल्या होत्या, तर छोटीने त्यांना कौतुकाने सगळं पुस्तक वाचून दाखवलं. कोपर म्हणावं त्याच आवाजात तिने मधल्या पानांवरचे शब्दही म्हटले. काकूंनी कानांवर हात ठेवला, चहा अर्धा टाकला आणि जाताना म्हणाल्या, की एकेकाची तऱ्हा असते बाई. कात्रीबाईंच्या घरात त्या भागाला आजवर नुसतं 'ते' म्हणत आले होते. त्यांच्या आईनेही त्यांना त्याहून जास्त काही सांगितलं नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही असं त्यांना वाटत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही त्यांची साधी समजूत.

त्यांनी सूनबाईंना हळूच सुचवून पाहिलं, की पुस्तक आतल्या खोलीत ठेवलं तर बरं. सूनबाई तेव्हा टीव्हीकडे पाहत होती. पडद्यावर गाणं चालू होतं आणि छोटी जमिनीवर बसून ते बघत होती. नायक बागेभर नायिकेच्या मागे धावत होता, तिचा हात धरत होता, ती सोडवून घेत होती, तो पुन्हा धरत होता. असली गाणी कात्रीबाई जन्मभर पाहत आल्या होत्या. त्यांत कापण्यासारखं काही आहे हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"आई, ती नको म्हणतेय," सूनबाई म्हणाली. "तरी तो हात सोडत नाही, आणि सगळे हसतात. हे छोटीने बघितलेलं चालतं. तिच्याच अंगाचं नाव तिला माहीत असलेलं चालत नाही. मला हे समजत नाही."

कात्रीबाईंना राग आला. काल आलेली पोर आपल्याला शिकवणार, तेही आपल्याच धंद्यातलं. वरवर त्या भाजी निवडत राहिल्या. सूनबाई दोन दिवसांनी नदीकाठच्या गावांतलं पाणी गोळा करायला आठवडाभर दौऱ्यावर गेली. ती गेली त्याच दुपारी, छोटी झोपलेली असताना, कात्रीबाईंनी पुस्तक काढलं. फाडायला त्यांचा जीव धजला नाही, आणि फाडणं हे अडाण्याचं काम. त्यांनी मधली दोन पानं कडेने गोंद लावून एकमेकांना चिकटवली, वर जाड शब्दकोश ठेवला. गोंद वाळल्यावर बोट फिरवून पाहिलं. गुडघ्यानंतर सरळ पायाची बोटं येत होती. सांधा दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी छोटी पुस्तक घेऊन बसली. मधल्या पानाशी आली, थांबली, कडेवरून एकदा बोट फिरवलं, आजीकडे पाहिलं आणि पुढचं पान उलटलं. काही विचारलं नाही. पाठ असलेल्या पुस्तकातलं पान गेलं तर पोर विचारल्याशिवाय राहील का, हे कात्रीबाईंच्या ध्यानात यायला हवं होतं. त्या मनात म्हणाल्या, जमलं.

त्यानंतर छोटी जरा मलूल झाली. पाणी प्यायला नको म्हणू लागली, बाथरूमला चल म्हटलं तरी नको. आईची आठवण येत असेल म्हणून कात्रीबाईंनी लाड केले, रजा टाकली, गोष्टी सांगितल्या. मग एका सकाळी तिच्या अंगाला हात लावला तर चटका बसला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई प्रेमळ होत्या. त्यांनी छोटीचा घसा पाहिला, कान पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, की बाळा, कुठे दुखतंय? छोटी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. मग ती आजीकडे बघत हलक्या आवाजात म्हणाली, "ते पान चिकटवलंय."

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. कात्रीबाईंना कळलं. त्यांनी छोटीजवळ वाकून विचारलं, की त्या पानावरचं दुखतंय का. छोटीने मान डोलावली. मग कात्रीबाईंना ते डॉक्टरीणबाईंना सांगायचं होतं, आणि शब्द येईना. इतक्या वर्षांत त्या शब्दाशी कधी गाठच पडली नव्हती. शेवटी त्या "शूच्या जागी" एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासायला घेतली, जंतूंचा त्रास आहे म्हणाल्या, औषध लिहून दिलं, भरपूर पाणी पाजा म्हणाल्या. दोन दिवसांत ताप उतरेल, पण आधी आणायला हवं होतं. मुली एवढ्या लहान असल्या की जळजळ झाल्याबरोबर ओरडून सांगतात, हिने कसं सांगितलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं. कात्रीबाईंनी औषधाची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली.

घरी येताना त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस गं?"

"तुला ते आवडत नाही ना," छोटी म्हणाली. "म्हणून तू बंद केलंस."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, हेच कात्रीबाईंना जास्त लागलं. एखाद्या घरात चपला दाराबाहेर काढायच्या, तसा हा आजीच्या घरातला नियम, आणि शहाण्या मुलीसारखा तिने तो पाळला होता. ताप येईपर्यंत पाळला होता. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे कात्रीबाईंनी दुसऱ्यांना कितीदा ऐकवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

ही गोष्ट लपवता आली असती. ताप दोन दिवसांत उतरणार होता, सूनबाईंना कळायचं कारण नव्हतं. पण लपवाछपवीचा आता त्यांना वीट आला होता. त्यांनी त्याच दुपारी फोन करून गोंदासकट सगळं सांगितलं. मग सूनबाईंनी औषधाचं नाव विचारलं, किती वेळा द्यायचं ते विचारलं, ती छोटीशी बोलली आणि म्हणाली, की मी निघते.

ती पोचेपर्यंत कात्रीबाईंनी किटलीच्या वाफेवर पानं धरून ती सोडवली. गोंद पक्का होता. एका पानाचं चित्र दुसऱ्या पानावर उमटलं, दोन शब्द अर्धे अर्धे झाले. छोटी शेजारी बसून बघत होती. "वाच ना," कात्रीबाई म्हणाल्या. "सगळं वाच. मी ऐकते."

छोटीने आधी दाराकडे पाहिलं. मग ती आजीच्या मांडीवर चढली, तिच्या कानाला तोंड लावलं, आणि आईने कोपराबरोबर शिकवलेला तो शब्द अगदी हळू आवाजात कुजबुजली. कात्रीबाई म्हणाल्या, की जोरात म्हण, कोणी रागावणार नाही. छोटीने हसून मान हलवली. नको.

सूनबाई दारात उभी होती. बॅग अजून खांद्यावरच होती, आणि तिने ते पाहिलं होतं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत येऊन तिने छोटीला उचललं आणि तिच्या केसांत तोंड खुपसलं. रात्रीचं जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "आई, तुम्ही वाईट नाही. तुम्ही फोन केलात, ते मी विसरणार नाही. पण ती आता हळू बोलते. मी तिकडे कळवलं, आम्ही येतोय म्हणून."

कात्रीबाईंनी वाद घातला नाही. कशाच्या जोरावर घालणार? त्यांनी छोटीचे कपडे धुऊन इस्त्री केले, औषधाची बाटली पिशवीत नीट उभी ठेवली. पुस्तक त्या वर ठेवत होत्या, तर सूनबाईंनी ते काढून बाजूला ठेवलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुस्तक इथेच राहू दे, तिकडे घरोघरी आहे, असं ती म्हणाली.

निघायच्या दिवशी जिन्याखाली गाडी उभी होती, समोरच्या काकू निरोप द्यायला आल्या होत्या, शेजारचे दोघं सामान उचलत होते. छोटीने आजीच्या पायाला मिठी मारली, मग तिला खाली वाकायला लावलं, आजूबाजूला पाहिलं आणि कानात म्हणाली, "आजी, आता नाही जळजळत."

कोणी विचारलं नव्हतं. तिचं तिने सांगितलं होतं. कात्रीबाई सरळ उभ्या राहिल्या आणि काकूंना, सामानवाल्यांना, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस."

छोटीने घाबरून त्यांच्या तोंडावर हात ठेवला.